बाळांच्या मेंदूवर रिसर्च करायचाय, आधी ईईजी शिकू की एमआरआय?

सायकॉलॉजीत एमए झालंय आणि मेंदूची वाढ अभ्यासायचीय तर आधी कुठलं मशीन शिकू, ईईजी (डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपणारं) की एमआरआय, असं विचारलंयत. माझं मत, दोन्ही थोडं थांबू दे, आधी बाळांचं वागणं बघायला शिका. सिग्नल तर येतोच, पण त्या क्षणी बाळ बघत होतं, पेंगत होतं की रडायच्या बेतात होतं हे कळलं नाही तर त्या सिग्नलचं करणार काय?

वर्कर आणि टीस या मानसशास्त्रज्ञांचं १९८४ चं काम बघाच. इंग्रजी बोलणाऱ्या घरातली ६ ते ८ महिन्यांची बाळं हिंदीतले 'ट' आणि 'त' वेगळे ओळखत होती, आणि १० ते १२ महिन्यांपर्यंत बहुतेकांना तो फरक कळेनासा झाला. एवढं मोठं काहीतरी सापडलं ते कशावरून, तर आवाज बदलल्यावर बाळ खेळण्याकडे डोकं वळवतं का एवढ्यावरून! मला अजूनही हे वाचून भारी वाटतं.

मग व्हिडिओ कोडिंगला बसा, म्हणजे बाळाचा व्हिडिओ बघून ते कधी काय करतंय याची ठरलेल्या खुणांनी नोंद करायची. कंटाळवाणं आहे, पण डोळा त्यानेच तयार होतो. दोघांनी एकमेकांना न विचारता कोड करायचं, मूल कुठल्या गटातलं ते कोडरला माहीत नको, मग दोघांचं किती जुळतं ते कॅपा (योगायोगाने जुळलेलं वगळून जुळणी मोजणारा आकडा) काढून बघायचं. बाळ आईच्या मांडीवर असेल तर तिला हेडफोन द्या, नाहीतर नकळत इशारा जातोच. आणि प्रीमॅच्युअर बाळांचं करेक्टेड वय (जन्मतारखेऐवजी डिलिव्हरीच्या अपेक्षित तारखेपासून मोजलेलं) धरा, हे हमखास राहून जातं.

रोमानियातल्या बुखारेस्टचा अभ्यास पण वाचा, अनाथालयातली १३६ मुलं, चिठ्ठ्या टाकल्यासारखी निम्मी फॉस्टर घरांत (सांभाळायला घेणाऱ्या कुटुंबांत) पाठवली. ८ व्या वर्षी ईईजी केला तेव्हा वयाच्या २ वर्षांच्या आत घर मिळालेल्यांचा अल्फा (ईईजीतल्या एका प्रकारच्या लहरींचा जोर) घरीच वाढलेल्या मुलांसारखा दिसला. हे दिसलं कारण तीच मुलं वर्षानुवर्षं फॉलो केली होती, नुसता एकदा ईईजी काढून काही कळलं नसतं.

मशीन वयोगटावर ठरतं. तान्हं बाळ दूध पिऊन, गुंडाळून, कान झाकून झोपलं की एमआरआय होऊ शकतो, २ वर्षांच्या जाग्या मुलाला त्यात न हलता पडून राहायला लावणं जवळपास अशक्य. तिथे ईईजी बरा, फक्त ते काही चघळत असेल तर तेवढा डेटा फेकायची तयारी ठेवा. तुम्हाला कुठला वयोगट घ्यायचाय?