ऊसतोडीला जाताना एचआयव्हीवरच्या एआरटीच्या गोळ्या पाच महिने बंद ठेवल्या तर चालेल का?

दादा, नका ठेवू. तुम्ही लिहिलंय की दोन वर्षं गोळी चालू आहे, वजन भरलंय, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, सापडत नाही. पण दसऱ्यानंतर टोळीत गेल्यावर कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, सगळ्यांदेखत गोळी घेणं जमणार नाही. ही अडचण खरी आहे. मी ती भोगलीय.

मी बीड जिल्ह्यातली. 2011 साली माझ्या गोळ्या सुरू झाल्या, तेव्हा सकाळ-संध्याकाळ घ्याव्या लागत. दुसऱ्याच हंगामात, जाऊबाईंच्या नजरेला डबी पडू नये म्हणून अडीच महिने बंद ठेवल्या. सुरुवातीला काहीच झालं नाही, म्हणून हिंमत वाढली. गावी आले ती टीबी घेऊनच. पुन्हा गोळ्या धरल्या, पण विषाणू त्यांना सरावला होता. औषध बदलावं लागलं, त्यासाठी लांबच्या दवाखान्याचे हेलपाटे झाले. जाण्याआधी एआरटी केंद्रात (गोळ्या मिळतात तिथं) बोलले असते तर टळलं असतं. पण मागं एकदा तारीख चुकली म्हणून कुणी खेकसलं होतं, त्या भीतीनं तोंडच उघडलं नाही.

लोड सापडत नाही म्हणजे विषाणू गेला नाही. तो पेशींत दडून असतो, गोळी थांबली की काही आठवड्यांत उसळतो.

निघायच्या पंधरा दिवस आधी केंद्रात जा, समुपदेशकांना कारखान्याचं गाव सांगा. तब्येत स्थिर असेल तर तीन महिन्यांचं औषध एकदम मिळू शकतं. पुढचं तिकडच्या केंद्रातून कसं घ्यायचं, ते विचारून ठेवा. उपचाराच्या नोंदी असलेलं एआरटीचं पुस्तक जवळच असू द्या.

हल्ली बहुतेकांना टीएलडीची, म्हणजे तीन औषधं एकत्र असलेली, रोज एकच गोळी असते, जेवणाची अट नाही. फडावर निघायच्या आधीच्या चहाला ती बांधून टाका. विसरलात तर आठवेल तेव्हा घ्या, दुसऱ्या दिवशी दोन नका घेऊ. ॲसिडिटीचं औषध, कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या घेत असाल तर किती अंतर ठेवायचं ते डॉक्टरांना विचारा. लाज वाटते तर डबीवरचा कागद खरवडून काढा, पण गोळ्या कागदाच्या पुडीत बांधू नका. कोपीत ओल फार, त्या खराब होतात.

वहिनींना माहीत आहे का, हे तुम्ही लिहिलं नाही. एका कोयत्यावर दोघं राबता, त्यांच्यापासून पाच महिने लपवणं फार जड जाईल. सांगितलं नसेल तर समुपदेशकांसमोर दोघं बसून बोला, त्यांचीही तपासणी करून घ्या. तोवर 1097 या एचआयव्हीच्या हेल्पलाइनला फोन करा, फुकट लागतो.