मांजर पाणी पीतच नाही आणि रोज विकतचं ओलं खाणं परवडत नाही, काय करू?

ताई, तुम्ही लिहिलं की तुमची मांजर वाटीतल्या पाण्याला तोंडच लावत नाही, दिवसभर मांजरांच्या विकतच्या खाण्याचे कोरडे दाणे खाते, आणि ओल्या खाण्याचं पाकीट रोज आणणं जमत नाही. माझं एकच सांगणं आहे, पाणी वाटीत ठेवून तिची वाट पाहू नका, पाणी तिच्या जेवणातच घाला. बाकीचं सगळं त्याच्यानंतर.

मला हे आधी माहीत नव्हतं न त्याचा त्रास माझ्या बोक्यानं, गोट्यानं, भोगला. आम्ही दर्यापूरकडचे, म्हणजे खारपाणपट्ट्यातले, पूर्णेच्या खोऱ्यात अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या या पट्ट्यात जमिनीखालचं पाणीच खारट आहे, बोअर मारली तरी प्यायच्या कामाची नाही. घरात प्यायला आरोची कॅन येते. आणि गोट्याच्या वाटीत मी काय भरत होती, तर बोअरचं पाणी, कारण कॅनचं पाणी मांजरीला कोण देते. जे पाणी आम्ही चूळ भरायला पण घेत नाही ते त्याच्यासमोर ठेवत होती, न खायला नुसते कोरडे दाणे. मे महिना, पारा 45 च्या वर. एक दिवस तो सारखा राखेच्या टोपल्यात जाऊन बसून राहिला, जोर लावून राहिला, ओरडून राहिला, मला वाटलं संडासला कडक झालं असंल म्हणून मी तूप चाटवलं. रात्री उलट्या सुरू झाल्या. सकाळी तालुक्याला नेलं तर डॉक्टरांनी पोटाला हात लावला न म्हणाले लघवी तुंबली आहे. नळी टाकून काढावी लागली. वाचला, पण त्याचं ते ओरडणं मी विसरू शकत नाही.

मांजराचे पूर्वज वाळवंटातले, त्यांची तहान मुळातच कमी, पाणी त्यांना शिकारीतूनच मिळायचं. उंदराच्या अंगात साधारण 70 टक्के पाणी असते आणि कोरड्या दाण्यात 10 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे दाणे खाणाऱ्या मांजराला बाकीचं सगळं पाणी वाटीतून प्यावं लागते न तेवढं ते पीतच नाही. चार किलोच्या मांजराला खाण्यातलं धरून दिवसाला साधारण 200 मिली पाणी पाहिजे. तेवढं गेलं नाही की लघवी घट्ट होते, त्यात कण-खडे जमतात, आणि बोक्याची मूत्रनळी बारीक असते म्हणून ती लवकर तुंबते.

आता माझं रोजचं. दाणे मी बंद नाही केले, कारण घरच्या नुसत्या मांसात कॅल्शियम आणि बाकीच्या गोष्टी बरोबर पडत नाहीत. फक्त मोठी बॅग घेते, किलोमागं स्वस्त पडते, हवाबंद डब्यात ठेवते, न प्रत्येक वेळी दाणे बुडतील एवढं कोमट पाणी टाकून पंधरा मिनिटं भिजवते. उन्हाळ्यात भिजवलेलं अर्ध्या-पाऊण तासात नाही खाल्लं तर टाकून द्यायचं, आंबते.

दुसरं चिकन सेंटरवालं. आमच्या गावात शनिवार-गुरुवार सोडून चिकन मिळते, मी त्याला सांगून ठेवलं आहे की पोटा न दिल (कोंबडीचं हृदय म्हणते मी) माझ्यासाठी ठेव, पाव किलोत दोन मांजरींचे दोन-तीन दिवस निघतात. पाण्यात उकळायचं, मीठ नाही, हळद-तिखट नाही, कांदा-लसूण तर अजिबात नाही, त्यानं मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. म्हणून आपल्या रश्श्यातलं चिकन धुऊन देणं पण बंद. आणि उकळलेलं पाणी फेकू नका! मांजराला टॉरिन नावाचा एक घटक मांसातूनच लागतो, तो कमी पडला तर डोळे आणि हृदय खराब होते, उकळताना तो पाण्यात उतरतो, म्हणून तेच पाणी त्या दाण्यांवर ओतायचं. वास आला की माझी दुसरी मांजर चिमी ताटली चाटून पुसून ठेवते. मी ते पाणी छोट्या छोट्या डब्यात भरून बर्फाच्या खान्यात ठेवते, पण लाइट गेली तर चार तासांनंतर ते वापरत नाही. कलेजी आठवड्यातून एखाद-दोन वेळा, थोडीशीच, जास्त कलेजीनं अ जीवनसत्त्व साचून हाडं आखडतात. शिजवलेली हाडं देऊ नका, टोचतात. अंडं उकडून चालते.

दूध-पोळीचं सांगते कारण आपल्याकडं घरोघरी तेच चालते. माझ्या सासूबाई म्हणत, "अवं बाई, मांजरीले का कोनी पानी मोजून पाजते, दूध-पोयी दे न!" त्यांनी प्रेमानंच घातलं, पण मोठ्या मांजरीला दूध बऱ्याचदा पचत नाही, जुलाब होतात न अंगातलं आहे ते पाणी पण जाते. पोळीत तर तिच्या कामाचं काहीच नाही. गोट्याचे ते हाल पाहिल्यावर आता त्या स्वतःच चिकन उकळलेल्या पाण्याची वाटी भरून ठेवतात. सुकट खारट असते, देऊ नका. कुत्र्याचं खाणं स्वस्त दिसते, त्यात मांजराला पुरेल एवढं टॉरिन नसते.

पाण्याच्या भांड्याचं मला गोट्यानंच शिकवलं. मुंग्या लागू नये म्हणून मी ताटली परातीत पाणी भरून त्यात ठेवायची, तर तो स्वतःची वाटी सोडून ती परातच चाटायचा. मग कळलं त्याला पसरट भांडं पाहिजे, मिशा काठाला लागल्या की तो मागं सरतो. आता मातीची पसरट भांडी तीन ठिकाणी आहेत, जेवणापासून दूर, सावलीत, कॅनचं पाणी, दिवसातून दोनदा बदलते. एका कॅनमधलं त्याचं किती जाते!

रोज राखेतले गोळे मोजा. एखाद्या दिवशी ओला गोळा नाही आणि मांजर सारखं बसून राहिलं तर थांबू नका, बोका असला तर त्याच दिवशी न्या, दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. जवळ कोणी नसलं तर नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालय न अकोल्याला पशुवैद्यकीय संस्था आहे. आपल्या तापाची पॅरासिटामॉलची गोळी देऊ नका, मांजराला ती विष आहे.

आणि तुमची मांजर भिजवलेलं लगेच खाणार नाही कदाचित. पहिल्या दिवशी कोरड्या दाण्यात चमचाभरच पाणी, मग रोज वाढवत न्या. भूक लागली की खाईल म्हणून उपाशी ठेवू नका, मांजर दोन दिवस जेवलं नाही तर त्याच्या लिव्हरवर येते. गोट्याला पूर्ण भिजवलेलं खायला बारा दिवस लागले होते.