'वॉज ब्रोक' आणि भिन्नातला न

प्रश्न असा आहे: "'द ग्लास वॉज ब्रोक' चूक आणि 'द ग्लास वॉज ब्रोकन' बरोबर असं सांगतात. पण 'आय ॲम ब्रोक' तर सगळेच म्हणतात. मग नियम काय?"

नियम एका ओळीचा आहे. पॅसिव्हमध्ये 'इज', 'वॉज', 'बीन' यांच्यापुढे क्रियापदाचं तिसरं रूप येतं, दुसरं नाही. रोट नव्हे, रिटन. टूक नव्हे, टेकन. स्टोल नव्हे, स्टोलन. कुठलाही बरा शब्दकोश ही रूपं देतो. उघडून बघायचा कंटाळा, म्हणून 'माय फोन वॉज स्टोल' रोज ऐकावं लागतं. याच्या उलट दुखणं म्हणजे 'कटेड', 'पुटेड', 'हर्टेड'. अहो, या धातूंच्या शेवटी ट आहेच. भूतकाळाचा प्रत्यय त्या ट मध्येच कधीचा जिरला. त्यावर पुन्हा 'एड' लावणं म्हणजे टोपीवर टोपी.

सगळ्यांत डोक्यात जातं ते 'अवर इन्स्टिट्यूट वॉज फाउंड इन 1962'. हे मी एका स्मरणिकेच्या पहिल्याच पानावर, ठळक अक्षरात वाचलं. म्हणजे 1962 साली संस्था कुणाला तरी सापडली! 'सापडणे' या अर्थाच्या फाइंडचं तिसरं रूप फाउंड. 'स्थापन करणे' हा अर्थ असलेला फाउंड हा धातूच वेगळा, लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला; त्याचं रूप फाउंडेड. स्मरणिकेच्या संपादकांना हे सांगितलं, तर म्हणाले, "भावना पोचल्या ना?"

आता हे असं का होतं? शिकवणारे म्हणतात, मुलं तक्ते पाठ करत नाहीत. मला हे निदान अजिबात मान्य नाही. दोष पाठांतराचा नाही, मराठीचा आहे, आणि तोही फार जुना. 'त्याने पत्र लिहिले' आणि 'पत्र लिहिले गेले' ही दोन वाक्यं शेजारी ठेवा. 'लिहिले' दोन्हीकडे तेच. संस्कृतात 'लिलेख' हा भूतकाळ वेगळा होता आणि 'लिखित' हे कृदन्त, म्हणजे धातूपासून बनलेलं विशेषणासारखं रूप, वेगळं. पुढे भूतकाळाची ती रूपं गळून पडली आणि सगळा भार कृदन्तावर आला. 'मया पत्रं लिखितम्' हेच प्राकृतातून येत येत 'मी पत्र लिहिले' झालं. गत वरून गेला, कृत वरून केला, मृत वरून मेला. थोडक्यात, आपल्याकडे दुसरं रूप उरलेलंच नाही. जे आहे ते तिसरंच, आणि तेच दोन्हीकडे राबतं. असा माणूस इंग्रजी बोलताना 'रोट' आणि 'वॉज रोट' म्हणणारच. त्याच्या कानाला तिथे दोन खण आहेत हेच जाणवत नाही.

त्यात भर म्हणून शाळेत सांगतात, 'पॅसिव्ह म्हणजे कर्मणी प्रयोग'. अर्धसत्य! 'रामाने पत्र लिहिले' हा शुद्ध कर्मणी प्रयोग आहे, पण त्याचं साधं इंग्रजी 'राम रोट अ लेटर', म्हणजे ॲक्टिव्ह. हे समीकरण फळ्यावर लिहिणाऱ्यांनी हे एवढं एक वाक्य सोडवून दाखवावं.

बरं, मग तिसरं रूप ओळखायचं कसं? शेवटचा 'न' कानाने टिपा. रिटन, ब्रोकन, चोझन, बिटन, टॉर्न, नोन, थ्रोन. हा न परका नाही, आणि इथेच खरी मजा आहे. संस्कृतात कर्मणी भूतकाळवाचक कृदन्ताचा नेहमीचा प्रत्यय त: कृत, गत, ज्ञात. पण काही धातूंना न: भिन्न, छिन्न, पूर्ण, जीर्ण, विदीर्ण. इंग्रजीतही हीच जोडी आहे. 'एड' हा आपल्या त चा भाऊ, आणि 'एन' हा आपल्या न चा.

नुसती सख्खी भावंडं दाखवून थांबत नाही, धातूही घ्या. भिद् म्हणजे फोडणे, चिरणे. जर्मानिक भाषांमध्ये, म्हणजे इंग्रजीच्या कुळात, भ चा ब होतो आणि द चा ट. भिद् चं काय होईल? बाइट! म्हणजे आपला 'भिन्न' आणि इंग्रजी 'बिटन' एकाच धातूची, एकाच वळणाची रूपं. 'भिन्न मत' म्हणजे मुळात चिरून वेगळं झालेलं मत. तसंच दॄ, फाडणे. द चा ट: टेअर. विदीर्ण मधला 'दीर्ण' आणि इंग्रजी 'टॉर्न' म्हणा एकामागून एक. शेवटचा र-न सुद्धा जुळतो. 'पूर्ण' आणि 'फुल' हीही तीच गोष्ट, फक्त फुलमधला न शेजारच्या ल मध्ये मिसळून गेला.

इथे पाणिनी आडवा येतो. त्याचं सूत्र आहे, 'रदाभ्यां निष्ठातो नः पूर्वस्य च दः': र आणि द यांच्यापुढे या प्रत्ययाच्या त चा न होतो, आणि आधीच्या द चाही न. भिद् अधिक त, झालं भिन्न. सूत्र म्हणून देखणं, शंकाच नाही. पण इंग्रजीतला न र-द ची वाट बघत बसत नाही; रिटनमध्ये कुठे आहे तो र-द चा शेजार? न हा पहिल्यापासून स्वतंत्र प्रत्यय होता, त चा अवतार नव्हे. पाणिनीसमोर बिटन नव्हतं, माझ्यासमोर आहे, एवढाच फरक.

जाता जाता: 'भग्न' आणि 'ब्रोकन' ही जोडी काही हौशी मंडळी उत्साहाने लावतात. मला ती पटत नाही. भञ्ज् मध्ये र नाही, ब्रेकमध्ये आहे. अर्थ जुळला म्हणून र काय खिशातून काढायचा?

'गेट'चं तिसरं रूप 'गॉटन', त्याला अमेरिकन बिघाड म्हणणाऱ्या शुद्धिवाद्यांनाही एक विचारतो: मग 'फरगॉटन' कसं चालवून घेता? तो 'न' अमेरिकेने लावला नाही, ब्रिटनने टाकला. इंग्रजी हा न शतकानुशतकं टाकतच आली आहे. सिंग, बिगिन, ड्रिंक यांच्या तिसऱ्या रूपांतून तो गेलाच; 'ड्रंकन', 'संकन' अशा विशेषणांत तेवढा उरला. 'सापडणे'वाल्या फाउंडलाही एके काळी 'न' होता.

त्यामुळे अठराव्या शतकापर्यंत भले भले लेखक 'हॅव रोट', 'वॉज ब्रोक' बेधडक लिहीत. सॅम्युअल जॉन्सनने आपल्या 1755 च्या इंग्रजी कोशाला जोडलेल्या व्याकरणात 'द बुक इज रोट' पेक्षा 'द बुक इज रिटन' बरं, असं सांगितलं, आणि कवींना वर सूटही दिली. समंजस माणूस. 1762 मध्ये रॉबर्ट लाउथ आपलं इंग्रजी व्याकरण घेऊन आले, पुढे लंडनचे बिशप झाले ते, आणि त्यांनी कवी मिल्टनसारख्यांनाही याच चुकीसाठी कान धरून उभं केलं. मिल्टनला चूक म्हणण्याआधी त्याच्या काळी दोन्ही रूपं चालत होती एवढं तरी मान्य करायचं! आज मात्र निकाल लागलेला आहे आणि तो लाउथच्या बाजूने आहे, त्यामुळे परीक्षेत मिल्टनचा दाखला देऊ नका.

हां, 'आय ॲम ब्रोक' राहिलंच. तो पॅसिव्ह नाही. कुणी मला मोडलेलं नाही. मी कफल्लक आहे, एवढंच. शेवटचा 'न' गळून पडलेलं ते जुनं कृदन्त विशेषण होऊन खिसा रिकामा असलेल्यांपुरतं टिकून राहिलं. काच फुटली असेल तर ब्रोकन.