मुलाला लेगो घेऊन देणं परवडत नाही. कम्प्युटरवर फुकटात तसं बनवता येतं का? त्यातून काही शिकणं होतं, की नुसता टाइमपास?

'नुसता टाइमपास' वाचलं आणि सेंटरचं शटर अर्धं खाली ओढून लिहायला बसलो. एरवी मी इथे फक्त वाचून जातो.

बनवता येतं. फुकटात, चोरीचं काही न वापरता आणि जुन्या मशीनवरसुद्धा. लिओकॅड नावाचं सॉफ्टवेअर टाका, त्यात पडद्यावर लेगोच्या विटा रचता येतात. विटांचा संग्रह त्याच्यासोबतच येतो, एकदा उतरवलं की मग नेट लागत नाही. मशीन बरं असेल तर ब्रिकलिंक या लेगोच्या विटा विकणाऱ्या साइटचं स्टुडिओ नावाचं सॉफ्टवेअर आहे, तेही फुकट. ब्रिकलिंक २०१९ पासून लेगोवाल्यांचंच आहे. जुन्या व्हिडिओंत लेगो डिजिटल डिझायनर दिसेल, ते कंपनीनं २०२२ मध्ये गुंडाळलं. त्याच्या नादानं कुठल्यातरी साइटवरून भलतंच काही उतरवू नका. झालं तुमचं अर्धं उत्तर.

आता टाइमपासचं.

मी दारव्हा तालुक्यातला. फॉर्म भरणं, झेरॉक्स, फोटो असं सेंटर आहे. २०११ साली त्यात दोन मशीन होत्या आणि लाइन कधी जाईल याचा भरवसा नव्हता. गिऱ्हाईक नसलं की मी लिओकॅड उघडून बसायचो. खरा लेगो तोवर हातात धरलेला नव्हता. नागपूरला दुकानाच्या काचेतून पाहिला होता, किंमत वाचून पुढे गेलो होतो.

त्या वर्षी डोक्यात घेतलं की शकुंतला बनवायची. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, शकुंतला म्हणजे आमची यवतमाळ-मूर्तिजापूर नॅरोगेज, ११३ किलोमीटर, दारव्ह्यावरून जाणारी. इंग्रजांनी इथला कापूस मँचेस्टरला न्यायला ती टाकली. तिचं वाफेचं इंजिनही मँचेस्टरलाच १९२१ मध्ये तयार झालेलं, ते १९९४ पर्यंत चाललं, मग डिझेल आलं. आता तीही बंद आहे. आजीचं माहेर कारंजा, त्यामुळे तिच्यासाठी ही गाडी म्हणजे माहेरची वाट. दिवाळीत तिला प्रिंट काढून दाखवायची असं मनात होतं.

पहिला प्रश्न मापाचा. आईच्या शिलाई मशीनमधला टेप घेऊन मी दारव्ह्याच्या मोतीबाग स्टेशनवर गेलो, दोन रुळांमधलं अंतर आतून आतून मोजलं. ३० इंच. अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. लेगोच्या विटेवर ज्या गुंड्या असतात त्यांच्यात मधोमध ते मधोमध ८ मिलिमीटर अंतर असतं, आणि विटेची उंची ९.६ मिलिमीटर. सहज म्हणून अडीच फूट तीन गुंड्यांत बसवून पाहिले. एक गुंडी म्हणजे १० इंच झाली. मग त्याच मापानं विटेची उंची काढली तर बरोबर १२ इंच. एक फूट! चपट्या पट्ट्या येतात, त्या विटेच्या एक तृतीयांश जाड, म्हणजे ४ इंच. पुढची गंमत अशी की या सॉफ्टवेअरचं आतलं एकक फार लहान असतं, एक गुंडी २० एककं, एक वीट उंचीला २४. म्हणजे माझ्या गाडीत एक एकक म्हणजे नेमका अर्धा इंच. सहा फुटी दार करायचं तर सहा विटा रचायच्या, हिशेबच नाही. मी दोनदा कॅल्क्युलेटरवर पाहिलं, मग तिसऱ्यांदा कागदावर केलं. त्या रात्री झोप आली नाही. तुम्हाला यात काही वाटणार नाही कदाचित, पण मी दहावीला गणितात काठावर पास झालेला माणूस आहे.

दुसरी गोष्ट कळली ती फाइलची. ही मॉडेलची फाइल साधी मजकुराची असते, नोटपॅडमध्ये उघडते. एका विटेला एक ओळ. ओळीत आधी १, मग रंगाचा नंबर (४ म्हणजे लाल, १४ पिवळा), मग जागा सांगणारे तीन आकडे, मग वीट कशी फिरवली ते सांगणारे नऊ आकडे, आणि शेवटी विटेचा नंबर. दोन बाय चारची वीट ३००१. ही पद्धत १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या जेम्स जेसिमन यानं एलड्रॉ या नावानं काढली. तो १९९७ मध्ये गेला, पण जगभरातली माणसं स्वतःच्या वेळात एकेक तुकडा त्यात भरत राहिली. एक पैसा न घेता.

माझी मशीन इतकी मंद होती की माउसनं एक वीट हलवायला मिनिट लागायचं. मग मी एक्सेल उघडलं. स्लीपर एकसारखे, फक्त जागा दर वेळी ६० नं पुढे. पहिल्या दोन ओळी लिहायच्या आणि कोपरा धरून खाली ओढायचं. ते नोटपॅडमध्ये चिकटवायचं. तासाभरात अख्खा रूळ आणि डब्याच्या भिंती तयार. फाइल किती? सोळा-सतरा केबी. एवढ्यात आजकाल मोबाइलवर काढलेला एक फोटोसुद्धा बसत नाही.

दिवाळीला ताई आणि भाऊजी आले. भाऊजी गणिताचे शिक्षक. फराळ झाला, मी मोठ्या ऐटीत त्यांना सेंटरवर नेलं आणि त्यांच्यासमोर पहिल्यांदाच पूर्ण फाइल उघडली. पडद्यावर रूळ, त्यावर चाकं, आणि डबा... डबा रुळाखाली. भिंती खाली खाली गेलेल्या आणि सगळ्यात तळाशी छत.

भाऊजी खुर्चीवरून पडायचे बाकी होते. "अबे, शकुंतला बनवून राहिला का दिल्लीची मेट्रो?"

झालं होतं असं की या पद्धतीत वर जायचं असेल तर आकडा उणे द्यावा लागतो. एक वीट वर म्हणजे उणे २४. मी सवयीनं अधिक दिले. एक्सेलच्या एका रकान्याला उणे लावलं, पुन्हा चिकटवलं, गाडी वर आली. दोन मिनिटांचं काम. पण भाऊजींना तेवढं पुरलं.

"वर म्हणजे अधिक, खाली म्हणजे उणे, हे सातवीतल्या पोट्ट्यालेही समजते. तुह्यं सॉफ्टवेअरच चुकलं. फुकटचं असंच राह्यते."

मी म्हटलं, चुकलेलं नाही, त्याचा नियम तसा आहे. ते म्हणाले, नियम असा नसतोच. मग इंच आणि विटेचा मेळ दाखवला, तर म्हणाले योगायोग. मग रुळाकडे बोट दाखवून म्हणाले, "दहा इंच जाडीचा रूळ असते का? हा रूळ आहे का सागाचा वासा?" यात ते बरोबर होते. एका गुंडीचा रूळ या मापात वाशासारखाच दिसतो. पण मी ते तेव्हा कबूल केलं नाही. शेवटी ताई बोलवायला आली, आणि भाऊजी जाता जाता म्हणाले, "इटा हातात न घेता इटा रचते. टाइमपास आहे सारा."

त्या वाक्याला तेव्हा उत्तर सुचलं नाही. आठ दिवसांनी विहिरीवर मोटर काढताना सुचलं. विहिरीची खोली आपण कशी मोजतो? काठाला शून्य धरून खाली. चाळीस फूट, पन्नास फूट. उणे पन्नास फूट कोणी म्हणतं का? बोअरवाला दोनशे फुटांचे पैसे घेतो, उणे दोनशेचे नाही. खाली अधिक धरलं की वर आपोआप उणे. कम्प्युटरचा पडदाही वरच्या कोपऱ्यातून खालीच मोजतात. शून्य कुठे ठेवायचं आणि अधिक कोणत्या दिशेला धरायचं हे आपण ठरवायचं असतं, एकदा ठरवलं की पाळायचं. पुस्तकात ते वर धरलंय म्हणून ते देवानं ठरवलेलं नाही. हे मला शाळेत कोणी सांगितलं नाही, उलट्या डब्यानं सांगितलं. भाऊजी, तुम्ही हे वाचत असाल, तर विहीर आठवा.

त्यामुळे माझं स्पष्ट मत: पोरगा आठवी-नववीत असेल तर थेट स्टुडिओ देऊ नका. ते फार सांभाळून घेतं. वीट विटेत घुसली तर सांगतं, मॉडेल डळमळीत असेल तर सांगतं. लिओकॅड काहीच सांगत नाही. हवेत तरंगणारी वीटसुद्धा तिथे आरामात राहते. आधी त्याच्यावर चुका होऊ द्या. एखादा लहान डबा झाला की त्याला फाइल नोटपॅडमध्ये उघडून दाखवा, आणि एक आकडा बदलून काय हलतं ते त्यालाच शोधू द्या. एवढं केलं तरी बास.

आजीचं राहिलं. प्रिंट तिला दाखवली. चष्मा पुसून बराच वेळ पाहिली आणि म्हणाली, "मानसं कुठी हायेत? शकुंतला रिकामी पाह्यली का कधी तू?" मग मी माणसं टाकली. लेगोचा माणूस उंचीला चार विटांएवढा, म्हणजे माझ्या मापात सगळे प्रवासी चार फुटी. भाऊजींनी पुढच्या वर्षी ती प्रिंट पाहिली आणि अंगणवाडीची सहल म्हणाले. आजी मात्र त्यातल्या दारात उभ्या असलेल्या लाल माणसाला तिचा भाऊ म्हणायची.

हां, काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. एक म्हणजे या सॉफ्टवेअरमध्ये कोणतीही वीट कोणत्याही रंगात मिळते, बाजारात ती त्या रंगात असेलच असं नाही. पुढे खरी घ्यायची इच्छा झाली तर आधी रंग तपासा. माझ्या डब्याच्या खिडक्यांचं तसंच झालं. दुसरं, तिरप्या, फिरवलेल्या विटांसाठी ते नऊ आकडे हातानं लिहायला जाऊ नका, तिथे माउसच वापरा. आणि तिसरं, भाऊजींच्या बाजूनं एक बोलतो, कारण ते खोटं नाही: मागच्या वर्षी पहिल्यांदा खऱ्या विटा हातात घेतल्या तेव्हा कळलं की दोन विटा एकमेकींत किती घट्ट बसतात. पडद्यावर हे कळत नाही. माझ्या छताचा एक सांधा नुसत्या एका गुंडीवर होता, तो हातात उचलताच निघून आला. म्हणून चार-दोन विटा, जुन्या, कोणाच्या उरलेल्या, जवळ असू द्या.

सेव्ह दर पाच मिनिटांनी. तुमच्याकडे लाइन जात नसेलही, आमच्याकडे हे लिहिताना दोनदा गेली.