वली, वळ आणि उगाच गेलेला तडा

प्रश्न असा आला आहे: ‘वली पडताना सच्छिद्र वालुकाश्माला तडे जातात’ हे वाक्य बरोबर का, आणि इथे वली म्हणावं की घडी?

वली म्हणजे खडकाच्या थरांना पडलेला बाक, आणि वालुकाश्म म्हणजे वाळूचे कण जुळून झालेला खडक. घडीचं आधी उरकतो. घातलेली घडी उलगडता येते, खडकाची येत नाही. म्हणून वली. खरी गोम तड्यात आहे. खडकावर रेघ दिसली की ‘तडा गेला’, हे ऐकून ऐकून कान किटले! तडा हा आवाजातून आलेला शब्द. तडकन काहीतरी उकलतं, दोन कडा सुट्या होतात, मधून पाणी शिरतं. सच्छिद्र वालुकाश्मात सुरुवातीला यातलं काहीच होत नाही.

थर वाकतो तेव्हा बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते, थरावरून थर सरकतो. घट्ट खडक असता तर तडकला असता. इथे मात्र कणाकणांत मोकळी जागा असते, कधी कधी एकूण आकारमानाच्या पाचव्या हिश्शाइतकी. त्यामुळे कण आधी सरकतात, फिरतात, मग एकमेकांवर चेपून फुटतात. पोकळी मिटते आणि उरते जेमतेम मिलिमीटरभर जाडीची फिकट रेघ. भिंगातून पाहा: रेघेबाहेर गोलसर कण, आत नुसतं पीठ. ही चेपलेली रेघ आजूबाजूच्या खडकाहून कणखर होते, म्हणून पुढची तिच्या शेजारी उमटते, मग तिसरी, मग जुडगाच. अमेरिकेतल्या यूटामधल्या अशा रेघांचं बारकाईनं वर्णन भूशास्त्रज्ञ आयदिन यांनी १९७८ साली केलं. उघड्यावरच्या खडकात भोवतालची वाळू झिजते आणि रेघ वर राहते. नख फिरवलं तर खाच लागत नाही, उंचवटा लागतो.

छडी बसली की अंगावर असाच उंचवटा उठतो. त्याला आपण काय म्हणतो? वळ! आणि वळ, वळण, वळकटी, वली ही सगळी, माझ्या मते, एकाच ‘वल्’ची लेकरं. संस्कृत कवींची त्रिवली म्हणजे पोटावरच्या तीन वळ्या. एकाच धातूनं खडकाच्या वाकण्यालाही नाव द्यावं आणि त्या वाकण्यानं उठलेल्या रेघेलाही, याहून नेमकी जोडी कुठे मिळणार?

परिभाषा घडवणारे या रेघेला ‘विरूपण पट्टा’ म्हणतील. विरूपण म्हटलं की मला शूर्पणखेचं नाक आठवतं. खडकाचा आकार बदलला, तो कुरूप कुठे झाला? कुणी म्हणेल, वळ सुजून उठतो, इथे तर खडक आत चेपलाय. मान्य. पण नाव डोळ्याला आणि बोटाला जे भेटतं त्यावरून पडतं.

हा शब्दांचा कीस नाही. तडा पाण्याला आणि तेलाला वाट देतो, वळ ती अडवतो. त्यातून आरपार झिरपणं भोवतालच्या खडकापेक्षा दहापट, कधी हजारपटही कमी होतं. वळाला तडा म्हणणारा भूजलाचा नकाशाच उलटा वाचेल. तडेही जातात, पण बहुधा मागाहून, कणांमधली जागा भरून खडक घट्ट झाल्यावर. तेव्हा ते वाक्य असं लिहा: ‘वली पडताना सच्छिद्र वालुकाश्मावर आधी वळ उठतात, तडे बहुधा नंतर जातात.’