वाचकांचे प्रश्न : प्रोटिआसोमचे सबयुनिट सीक्वेन्सवरून कसे ओळखायचे?

प्रश्न : ठाणे खाडीकाठच्या तिवराच्या पानांपासून ट्रान्स्क्रिप्टोम (पानातल्या आरएनएच्या सीक्वेन्सचा संच) तयार केला. ब्लास्टमध्ये (माहीत असलेल्या सीक्वेन्सशी तुलना करणारा प्रोग्रॅम) ‘प्रोटिआसोम सबयुनिट’ म्हणून चाळीसहून जास्त सीक्वेन्स आले. गाभ्यात तर 14च प्रकार असतात ना? यातले अल्फा कोणते, बीटा कोणते आणि जास्तीचे आले कुठून?
– एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, ऐरोली

उत्तर : ब्लास्टच्या पहिल्या ओळीतल्या नावावर थांबू नका. प्रोटिआसोम म्हणजे पेशीतली नकोशी प्रथिनं तोडणारं यंत्र. त्याच्या 20एस गाभ्यात सात-सात सबयुनिटच्या (घटक प्रथिनांच्या) चार कड्या असतात. बाहेरच्या दोन अल्फाच्या, आतल्या दोन बीटाच्या. हे सगळे 14 प्रकार एकाच पूर्वजापासून आलेले आहेत, त्यामुळे एका अल्फाने शोध घेतला तरी बाकीचे अल्फा आणि थोडे बीटाही वर येतात. शिवाय डेटाबेसमधली बरीच नावं आपोआप चिकटवलेली असतात.

सुरुवात एचएमएमर या शोध घेणाऱ्या प्रोग्रॅमने करा. पीफॅम या प्रथिन-कुटुंबांच्या डेटाबेसमधलं पीएफ00227 हे मॉडेल घेऊन त्याच्याच ‘गॅदरिंग’ मर्यादेवर (त्या मॉडेलसाठी ठरलेल्या किमान गुणांवर) शोध घ्या. यात अल्फा आणि बीटा दोन्ही येतील. मग त्याच सीक्वेन्सवर पीएफ10584 चालवा. हे लहानसं मॉडेल फक्त अल्फाच्या एन-टोकाचं, म्हणजे सुरुवातीच्या टोकाचं आहे.

यानंतर मात्र अलाइनमेंट (सीक्वेन्सची एकाखाली एक जुळणी) डोळ्यांनी बघायलाच हवं. अल्फाची खूण अगदी सुरुवातीलाच असते. माणसाच्या पीएसएमए7 या अल्फा सबयुनिटमध्ये दुसऱ्या अमिनो आम्लानंतर लगेच, अमिनो आम्लांच्या एकाक्षरी खुणांत, हे वाचायला मिळतं : वाय-डी-आर-ए-आय-टी-व्ही-एफ-एस-पी-डी-जी-एच-एल-एफ-क्यू-व्ही-ई-वाय-ए. पीएसएमए1मध्ये त्याच जागी वाय-डी-एन-डी-व्ही-टी-व्ही-डब्ल्यू-एस-पी-क्यू-जी-आर-आय-एच-क्यू-आय-ई-वाय-ए आहे. दोन्ही एकाखाली एक लिहून पाहा. ‘एस-पी’, एक जागा सोडून ‘जी’, पुढे आर, के किंवा एच, दोन जागा सोडून ‘क्यू’, आणि एक जागा सोडून ‘ई-वाय-ए’ हा सांगाडा दोन्हीकडे तोच आहे. अल्फाचा हा भाग कडीचं तोंड बंद-उघड करण्याच्या कामाचा आहे, म्हणूनच तो इतका टिकला.

तुमच्या कामात फसगत होईल ती नेमकी इथेच. ट्रान्स्क्रिप्टचं 5-प्राइम (सुरुवातीचं) टोक तुटलेलं असलं की हीच खूण गायब होते, आणि प्रोग्रॅम आतल्या एखाद्या मिथिओनिनपासून प्रथिन सुरू झालं असं धरतो. म्हणून खूण दिसली नाही एवढ्यावरून त्याला बीटा म्हणू नका. बीटा ठरवायला बीटाचाच पुरावा हवा.

तो पुरावा असा. काम करणाऱ्या बीटा1, बीटा2 आणि बीटा5 या तिघांत सुरुवातीचा प्रोपेप्टाइड हा तात्पुरता तुकडा ग्लायसिननंतर कापला जातो आणि थ्रिओनिन उघडं पडतं. तो थ्रिओनिन 1 धरला तर 17व्या जागी अ‍ॅस्पार्टेट आणि 33व्या जागी लायसिन येतं. लागोपाठच्या दोघांच्या मधे बरोबर 15 अमिनो आम्लं. या तिन्हींत हे अंतर एकाचंही इकडे-तिकडे होत नाही. तुमच्या अलाइनमेंटमध्ये झालं असेल तर बहुतेक वेळा असेंब्लीची चूक असते. बीटा3, 4, 6 आणि 7 प्रथिनं तोडत नाहीत, त्यांच्यात हे त्रिकूट पूर्ण सापडणार नाही. त्यांना चुकून टाकून देऊ नका.

सातांपैकी नेमका कितवा, हे मात्र उत्क्रांतीच्या झाडावरूनच (सीक्वेन्सच्या वंशवृक्षावरून) ठरतं. अरेबिडॉप्सिस या प्रयोगातल्या नमुना-वनस्पतीचे पीएए ते पीएजी (अल्फा1 ते 7) आणि पीबीए ते पीबीजी (बीटा1 ते 7) संदर्भाला घ्या. प्रोपेप्टाइड छाटा, कारण तो भाग नीट जुळत नाही आणि झाड बिघडवतो. मॅफ्टने अलाइनमेंट करून आयक्यू-ट्रीमध्ये 1000 अल्ट्राफास्ट बूटस्ट्रॅप (फांद्यांची खात्री मोजणारी चाचणी) लावा आणि 95च्या खालच्या फांदीवर नाव ठेवू नका.

आता जास्तीच्या सीक्वेन्सबद्दल. काही एकाच जनुकाचे आयसोफॉर्म (वेगवेगळी रूपं) असतील. काही खऱ्या जोडप्रती असतील. अरेबिडॉप्सिसमध्येच या 14 प्रकारांसाठी 23 जनुकं आहेत. म्हणून सीडी-हिट या सारखे सीक्वेन्स एकत्र करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 90 टक्के साम्यावर गट पाडू नका, खऱ्या जोडप्रती त्यात गडप होतील, 99वर ठेवा. उरलेले पानावरच्या बुरशीचे आणि डायटमचे निघण्याची बरीच शक्यता आहे, ते झाडावर वनस्पतींपासून दूर बसतील. 175 अमिनो आम्लांच्या आसपास लांबीचा, सुरुवातीला थ्रिओनिन असलेला सीक्वेन्स दिसला तर तो बॅक्टेरियाचा एचएसएलव्ही. तोही पीएफ00227मध्येच येतो, पण त्याच्या कड्या सहाच्या असतात.

प्रश्न : पीएसएमए1 म्हणजे अल्फा1 असं वर्गात सांगितलं तर चालेल का?
– शिक्षक, नौपाडा, ठाणे

उत्तर : नाही. मानवी जनुकांचे क्रमांक कडीतल्या जागेशी जुळत नाहीत. अल्फा1 ते 7 म्हणजे क्रमाने पीएसएमए6, 2, 4, 7, 5, 1, 3. बीटा1 ते 7 म्हणजे पीएसएमबी6, 7, 3, 2, 5, 1, 4. फळ्यावर हा तक्ता आधी लिहा, मगच बाकीचं शिकवा. पीएसएमबी8, 9 आणि 10 हे इम्युनोप्रोटिआसोमचे, म्हणजे रोगप्रतिकारासाठीच्या खास प्रोटिआसोमचे. ते अनुक्रमे बीटा5, बीटा1 आणि बीटा2च्या जागी बसतात.

प्रश्न : बॉर्टेझोमिबला (प्रोटिआसोम रोखणाऱ्या कर्करोगाच्या औषधाला) दाद न देणाऱ्या पेशींत पीएसएमबी5चं अ‍ॅलानिन 49 बदलतं असं वाचलं. युनिप्रॉट या प्रथिनांच्या डेटाबेसमधल्या सीक्वेन्समध्ये 49व्या जागी काही भलतंच आहे.
– संशोधक विद्यार्थी, खारघर

उत्तर : तो क्रमांक कापलेल्या, तयार प्रथिनाचा आहे. पीएसएमबी5चा प्रोपेप्टाइड 59 अमिनो आम्लांचा, म्हणजे थ्रिओनिन 1 युनिप्रॉटमध्ये 60व्या जागी आणि अ‍ॅलानिन 49 हे 108व्या जागी मिळेल. प्रायमर मागवण्याआधी 60व्या जागेपासून टी-टी-टी-एल-ए-एफ वाचून खात्री करा.