दार लवता कामा नये

या महिन्यात पेटीत आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकन कार्टून मालिकेबद्दल निघाली, आणि चारही तिच्या पहिल्या सीझनबद्दल! अंधेरीच्या एका स्टुडिओत मी अकरा वर्षं इन-बिटवीनर होते. मुख्य कलाकाराने काढलेल्या दोन चित्रांच्या मधली चित्रं भरणं हे माझं काम. त्यामुळे या प्रश्नांना उत्तरं देताना हात पेन्सिलीकडेच जातो. पत्रं थोडी छाटून देते आहे.

ताई, नववीतल्या मुलीबरोबर ‘सिम्पसन्स’ पहिल्यापासून बघायला घेतलं. तिने पुढचे सीझन मैत्रिणीकडे पाहिलेत. आता म्हणते, “बाबा, चेहरे किती वेडेवाकडे! आणि होमरचा आवाज होमरसारखा नाहीच.” हा सीझन सोडून सरळ तिसऱ्यापासून सुरू करू का? — एक वाचक, सातारा

सोडू नका. तेराच भाग आहेत, दोन शनिवार-रविवारांत होतील.

चेहऱ्यांचं म्हणाल, तर मुलीची नजर चांगली आहे. होमर आणि मार्ज हे आई-वडील, बार्ट, लिसा, मॅगी ही त्यांची मुलं; ही मंडळी अमेरिकन टीव्हीवर आली ती एप्रिल १९८७ मध्ये, ट्रेसी उलमन यांच्या कार्यक्रमातल्या मिनिट-दोन मिनिटांच्या तुकड्यांमध्ये. त्यांचा निर्माता मॅट ग्रेनिंगने तेव्हा ढोबळ रेखाटनं दिली होती. अ‍ॅनिमेटर ती नीटनेटकी करून घेतील, असं त्याला वाटलं. त्यांनी ती जशीच्या तशी गिरवली. तो ओबडधोबडपणा तिथून आला. जेम्स एल. ब्रूक्स, सॅम सायमन आणि ग्रेनिंग यांनी त्या तुकड्यांची अर्ध्या तासाची मालिका करायला घेतली, तेव्हाही तो पुरता गेला नव्हता.

आता खरी गोष्ट ऐका. आवाज आधी ध्वनिमुद्रित होत, मुख्य चित्रं लॉस एंजेलिसमध्ये होत, आणि मधली चित्रं, रंगकाम व कॅमेरा दक्षिण कोरियात. आई-वडील रात्री बाहेर जातात आणि घरात मुलं सांभाळायला आलेली बाई चोर निघते, तो भाग सगळ्यात आधी तयार होऊन परत आला. तो पाहून निर्मात्यांचे चेहरे उतरले. कोणी दार आपटलं की दार रबरासारखं लवायचं! इतर कार्टूनांत ते चाललं असतं. ब्रूक्स यांना मात्र घर खऱ्या घरासारखं हवं होतं. जमीन टणक हवी, भिंत सरळ हवी, पडलं तर लागायला हवं. त्या भागातलं सुमारे सत्तर टक्के काम पुन्हा करावं लागलं. पाठोपाठ आलेला दुसरा भाग, बार्ट हुशार मुलांच्या शाळेत जातो तो, डेव्हिड सिल्व्हरमनच्या दिग्दर्शनाखाली बराच चांगला उतरला होता. तोही बिघडला असता तर पुढचं सगळंच अवघड होतं. मालिका मग पुढे ढकलली. १७ डिसेंबर १९८९ ला आधी दाखवला तो नाताळचा भाग. खरं तर निर्मितीच्या क्रमाने तो आठवा. दुरुस्त केलेला तो पहिला भाग १३ मे १९९० ला सीझनच्या शेवटी लागला.

दारापायी एवढा खर्च आणि एवढी रखडपट्टी कशासाठी, असं कोणालाही वाटेल. मला वाटलं नाही. स्टुडिओतल्या माझ्या दुसऱ्या महिन्यात मी एक बाई काढत होते, विहिरीवरून हंडा उचलणारी. सोळा चित्रं झाली. आमचे सीनियर काका आले, लाइटबॉक्सवर पानं फरफर उलटली आणि म्हणाले, “पोरी, हंडा रिकामा आहे.” मला कळेना. ते म्हणाले, “पाण्याचा हंडा उचलताना आधी कंबर खाली जाते, खांदा मागून येतो. तुझ्या बाईचा हात आधी वर गेलाय.” सगळी सोळा पानं फाडून परत काढली. हंड्याला वजन आलं तेव्हा ती बाई थकलेली दिसायला लागली. तिचा चेहरा तर मी बदललाच नव्हता!

पहिल्या सीझनमध्ये हे वजन शोधणं चालू आहे. नाताळचा भाग बघा. होमरला बोनस मिळत नाही. मार्जने केसांत लपवलेल्या बरणीतली शिल्लक बार्टने गोंदवलेला टॅटू पुसून टाकण्यात गेलेली. होमर कोणाला न सांगता मॉलमध्ये सांताक्लॉज होतो आणि सगळी कपात होऊन हातात पडतात तेरा डॉलर. कुत्र्यांच्या शर्यतीत तेही जातात, आणि शेवटी आलेलं, मालकाने हाकललेलं कुत्रं तो घरी घेऊन येतो. त्याचे खांदे पाहा. रेषा कच्ची आहे, खांदे मात्र पगार न झालेल्या माणसाचे आहेत.

आवाजाचं उत्तर थोडक्यात. होमरही डॅन कॅस्टेलानेटाच, पण सुरुवातीला त्याने वॉल्टर मॅथाऊ या नटाच्या बोलण्याचा ढंग धरला होता. तो घोगरा, खालच्या पट्टीतला आवाज मोठ्या भावनांना पुरेना, म्हणून हळूहळू बदलला. मुलीला सांगा, दुसऱ्या सीझनमध्ये तो बदल ओळखायचा खेळ कर.

स्मिदर्स एका भागात सावळा आणि निळ्या केसांचा दिसतो. हा तोच का दुसरा कोणी? — नागपूर

तोच, होमरच्या मालकाचा मदतनीस. तिसरा प्रसारित भाग, २१ जानेवारी १९९०. ती रंगातली चूक होती. दुरुस्तीला पैसे आणि वेळ नव्हता, म्हणून तशीच गेली आणि पुढच्या भागापासून तो पिवळा झाला. होमरचा मित्र बार्नी, त्याचे केसही सुरुवातीला त्वचेच्याच पिवळ्या रंगाचे आहेत, नंतर तपकिरी केले. प्रत्येक रंगाला क्रमांक असायचा आणि सेलच्या, म्हणजे चित्र असलेल्या पारदर्शक पानाच्या, पाठीमागून तो रंग भरला जायचा. एक क्रमांक चुकला की शेकडो सेल चुकायचे. एका साडीचा काठ असाच चुकलेला मी आमच्याकडे पाहिला आहे. सगळे थिजून उभे होते, कारण दुसऱ्या दिवशी पाठवायचं होतं.

आणि पिवळाच का, तर बार्ट, लिसा, मॅगी यांच्या केसांना कपाळापासून वेगळं करणारी रेषाच नाही. डोकं आणि केस एकच आकार. त्वचेच्या रंगात तो आकार विचित्र दिसला असता. शिवाय चॅनेल बदलणाऱ्याचा हात तिथेच थांबावा, हाही ग्रेनिंगचा हेतू होता.

आम्ही न्यू जर्सीला असतो. मुलगा लहान असताना शाळेत त्याला ‘थँक यू, कम अगेन’ म्हणून चिडवायचे. तो अपू या पहिल्या सीझनपासूनच आहे का? तुम्हाला ही मालिका तरीही आवडते? — एक आई

हो, पहिल्याच सीझनपासून. २५ फेब्रुवारी १९९० च्या भागात हा भारतीय दुकानदार क्विक-ई-मार्ट या दुकानाच्या काउंटरमागे पहिल्यांदा दिसतो. आवाज हँक अझारिया या गोऱ्या नटाचा. तेव्हा अमेरिकी टीव्हीवर भारतीय चेहरा जवळजवळ नव्हताच, म्हणून तुमच्या मुलाच्या वर्गाला सगळे भारतीय तसेच वाटले. तुमच्या मुलाला जे सोसावं लागलं ते खरं आहे, आणि मला मालिका आवडते म्हणून ते कमी होत नाही. हरी कोंडाबोलू या विनोदकाराने २०१७ मध्ये यावर माहितीपट केला. २०२० मध्ये अझारियाने तो आवाज सोडला.

मला विचाराल तर पहिल्या सीझनमधला अपू म्हणजे माझा रिकामा हंडा. उच्चार आहे, माणूस नाही. पुढे १९९६ मध्ये परदेशी लोकांना हाकलण्याची टूम शहरात निघते आणि अपू नागरिकत्वाची परीक्षा देतो, त्या भागात त्याला पहिल्यांदा पुरतं वजन आलंय असं मला वाटतं. मुलगा आता मोठा झाला असेल. त्याला आठवणी नको असतील तर बघू नका, आणि बघायचाच झाला तर तो एक भाग त्याच्याबरोबर बसून बघा.

माझी मुलगी आठवीत आहे. काही झालेलं नाही, पण महिनाभर गप्प गप्प असते. विचारलं की “काही नाही” म्हणते. तुम्ही मागे लिहिलं होतंत की कार्टूनमध्येही उदासी असते. कोणता भाग दाखवू? — नाशिक

‘सिम्पसन्स’च्या त्याच पहिल्या सीझनचा सहावा, ११ फेब्रुवारी १९९० चा. अल जीन आणि माइक रीस यांनी लिहिलेला, वेस आर्चरने दिग्दर्शित केलेला.

लिसा आठ वर्षांची आहे आणि तिला वाईट वाटतंय. कारण नाही. व्यायामाच्या तासाला चेंडू अंगावर येतो तरी ती बाजूला होत नाही. एका रात्री दूरवरून सॅक्सोफोन ऐकू येतो आणि ती पुलावर वाजवत बसलेल्या एका म्हाताऱ्या जॅझ वादकाला गाठते. तो तिचं दुःख घालवत नाही, तिच्याबरोबर वाजवतो.

मार्जला मात्र तिच्या आईने शिकवलेलं असतं, की मुलीच्या हसण्यावरून लोक आईची परीक्षा करतात. ती लिसाला शाळेसमोर सोडताना हसायला सांगते. लिसा हसते. आणि गाडीतून मार्ज बघते, ते हसू पाहून एक मुलगा तिला स्वतःचा गृहपाठ करायला सांगतो, दुसरे तिला वापरून घेऊ पाहतात. मार्ज गाडी करकचून वळवते, लिसाला आत ओढते आणि सांगते, तुला उदास राहायचंय तर राहा, आम्ही आहोत, संपेपर्यंत सोबत बसू. त्यानंतर लिसाच्या तोंडावर जे हसू येतं ते आधीच्या हसण्याहून वेगळं आहे. दोन्ही वेळा पडद्यावर वाकडी रेषाच आहे, तीही १९९० च्या कच्च्या हातांची. मी ते दृश्य एक एक चौकट थांबवून पाहिलंय. आधीच्या हसण्यात फक्त तोंड हलतं.

हा भाग रात्री जेवणानंतर लावा. आधी काही सांगू नका, नंतर काही विचारू नका. शेवटी सगळं कुटुंब त्या वादकाला ऐकायला क्लबमध्ये जातं आणि तो लिसाचं गाणं गातो. ते संपेपर्यंत तिच्या शेजारी बसून राहा. आणि दोन-तीन आठवड्यांनंतरही ती अशीच असेल, जेवणझोप बिघडली असेल, तर डॉक्टरांना भेटायला संकोच करू नका. मला मात्र पत्र टाका, ती कशी आहे ते.